कोठीची वही

तंजावरचं नाव काढलं की आपल्याकडे हटकून सांबाराची गोष्ट निघते. आमसुलं संपली, चिंच घातली, पाहुण्या संभाजीराजांचं नाव त्या आमटीला पडलं, ही ऐकीव कथा मला प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी प्रेमानं सांगतं. गोष्ट गोड आहे. पण आज मला तुम्हाला स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत न्यायचं आहे, कोठीत. वेळ थोडा आहे, म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकतो. माणसांनी एकत्र येऊन मोठी कामं कशी चालवली, याचा इतिहास अभ्यासायचा असेल तर कोठीची वही वाचावी लागते. आणि ती वाचणारी माणसं आपल्याकडे कमी होत चालली आहेत.

मी बरीच वर्षं वाणिज्य महाविद्यालयात व्यवस्थापन शिकवलं. पहिल्याच तासाला फळ्यावर दोन सनं लिहायची. १९११, अमेरिकेतल्या फ्रेडरिक टेलर यांचं पुस्तक. १९१६, फ्रान्समधल्या हेन्री फायोल यांचं. टेलर यांनी पोलादाच्या कारखान्यात एका फावड्यात किती वजन भरावं इथपर्यंत मोजमाप केलं. फायोल यांनी खाणीची कंपनी चालवता चालवता कामाची नि अधिकाराची वाटणी मांडली. दोघेही थोर. पण एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, त्याच्या आधी माणसं मिळून काम करत नव्हती का?" मी पुस्तकातलं ठरलेलं उत्तर दिलं: इजिप्तचे पिरॅमिड, चीनची भिंत, आपल्याकडे कौटिल्य. तास संपला. त्या उत्तराची मला आजही खंत वाटते. तिनं काम विचारलं होतं आणि मी तिला इमारती दाखवल्या.

लग्नघर डोळ्यांपुढे आणा. लग्नाच्या अल्बममध्ये काय असतं? नवरा-नवरी, विहिणी, पंगत, हसरे चेहरे. पण ते लग्न पार कसं पडलं हे त्या अल्बमात नसतं. आमच्या लहानपणी लग्नघरात एक खोली कोठीची असे. तिची किल्ली एकाच मावशीच्या कमरेला. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय तुपाची वाटी हलत नसे. आणि तिच्याजवळ एक वही असे. नारळ किती आले, आचाऱ्याला किती दिले, ओटीला किती गेले. शेजारच्या घरून आणलेली पातेली, कुणाची कोणती ते ओळखायला त्यांच्यावर घातलेली नावं. दुसऱ्या पंगतीला साखर कमी पडली तेव्हा वाण्याकडे कुणाला पिटाळलं. अल्बम पाहून तुम्ही लग्नाचं कौतुक कराल. वही पाहिली तर तसंच लग्न तुम्ही पुन्हा उभं करू शकाल.

आता तंजावरला चला. राजराज चोळाचं बृहदीश्वर मंदिर १०१० साली पुरं झालं. लोक मान वर करून शिखर बघतात, मीही बघितलं. मग एका जाणत्या माणसानं मला खाली बघायला सांगितलं. जोत्यावर, भिंतींच्या तळाशी, ओळीच्या ओळी तमिळ अक्षरं कोरलेली आहेत. मला तमिळ लिपी येत नाही, पण हुल्ट्श नावाच्या जर्मन विद्वानानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हे लेख वाचून छापले, त्यामुळे त्यात काय आहे हे आपल्याला समजतं. आणि काय आहे? कोठीची वही. दगडावरची.

देवळाच्या सेवेसाठी राजानं चोळ मुलखातल्या निरनिराळ्या देवळांतून चारशे स्त्रिया आणवल्या. त्या चारशेंची नावं तिथं आहेत. नुसती नावं नाहीत. कोणती गल्ली, गल्लीची कोणती बाजू, कितवं घर, आणि ती मूळची कोणत्या देवळातली, हेही आहे. प्रत्येकीला एक वाटा, आणि वाटा म्हणजे वर्षाला शंभर कलम भात. कलम हे तिकडचं धान्याचं माप. हे भात कोणत्या मापानं मोजून द्यायचं, त्या मापाचं नावसुद्धा कोरलेलं आहे, कारण माप बदललं तर पगार बदलतो. पुढे वादक आहेत, हिशेबनीस आहेत, शिंपी, सोनार, न्हावी, परीट आहेत, कुणाला किती वाटे तेही आहे. अखंड दिव्यासाठी मेंढपाळाकडे ९६ मेंढ्या सोपवायच्या, त्यानं रोज ठरलेलं तूप आणून घालायचं. दिवा कधीतरी विझेल ही भीती होती, म्हणून तुपाचा उगमच बांधून घातला.

पण माझं मन अडकलं ते एका कलमात. आता कलम म्हणजे नियम. वाटा घेणारा माणूस वारला किंवा गाव सोडून गेला तर काय? तर त्याच्या जवळच्या नातलगानं वाटा घ्यावा आणि काम करावं. नातलगाला ते काम येत नसेल तर? तर त्यानं लायक माणूस निवडून कामाला लावावा, आणि वाटा त्या माणसाला मिळावा. नातलगच नसतील तर? तर त्याच कामावरच्या इतरांनी लायक माणूस निवडावा. श्रोतेहो, हे एक हजार वर्षांपूर्वीचं आहे. वारसा मानलाय, पण वारशाच्या वर लायकी ठेवलीय, आणि दोन्ही नसतील तेव्हा सोबत काम करणाऱ्यांच्या पारखीवर सोपवलंय. एखाद्या घरगुती कंपनीत वडिलांनंतर कोण, या प्रश्नावर आजही घरं मोडतात. हे कलम आमच्या वर्गात एकदाही वाचलं गेलं नाही.

आता आपल्या मराठी कोठीकडे येतो. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं ते १६७०च्या दशकात. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे वारले, पुत्र नव्हता, ईस्ट इंडिया कंपनीनं राज्याचा शेवट केला. मधल्या पावणेदोनशे वर्षांत तिथं मराठीत, मोडी लिपीत दफ्तर चाललं. सरस्वती महाल ग्रंथालयात त्या राजदफ्तराची १३४२ बाडं असल्याची नोंद आहे. तमिळ मुलखात, कावेरीच्या काठी, मराठी कारकुनांनी लिहिलेली बाडं.

त्यातला सरफोजीराजांचा काळ घ्या. १७९९च्या करारानं राज्यकारभार कंपनीकडे गेला, राजांकडे किल्ला आणि उत्पन्नाचा एक हिस्सा उरला. त्यांचं नाव आपण ग्रंथांसाठी घेतो, धन्वंतरी महालातल्या डोळ्यांच्या उपचारांसाठी घेतो, छापखान्यासाठी घेतो. पण १८०१ साली त्यांनी इंग्रज रेसिडेंटाला एक पत्र धाडलं, ते छत्रांबद्दल होतं. छत्र म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरची अन्नछत्रं. आपल्याकडचे कितीतरी यात्रेकरू त्याच वाटेनं जात. त्या पत्रात छत्राचा दिनक्रम आहे. येणाऱ्या कोणत्याही जातीच्या वाटसरूला शिजवलेलं अन्न, शिजवलेलं न घेणाऱ्याला कोरडा शिधा. आजारी पडला तर वैद्य. बाळंतपणाची वेळ आली तर त्या बाईची सगळी व्यवस्था. पोरक्या मुलांचा सांभाळ, शिकवायला शिक्षक. कुणी तिथंच वारला तर त्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे क्रियाकर्म. आणि मध्यरात्री एक घंटा वाजवायची. जेवायचं राहून गेलेला कुणी असेल त्याला हाक म्हणून.

त्या घंटेचा जरा विचार करा. मध्यरात्री घंटा वाजवायची म्हणजे तेव्हा भांड्यात अन्न हवं. म्हणजे आचारी जागा हवा, त्याच्यासाठी सरपण हवं, दिव्याला तेल हवं. म्हणजे संध्याकाळीच कुणीतरी हिशेब करून थोडं मागं ठेवलं असणार. किती माणसं येतील हे ठाऊक नसताना किती शिजवायचं, हा आमच्या विषयातला अवघड प्रश्न आहे. लग्नघरातल्या मावशीला तो रोज सुटलेला असे, छत्राच्या कोठावळ्यालाही सुटला असणार. तो कसा सोडवला हे राजाच्या पत्रात सापडणार नाही. पत्र म्हणजे अल्बम, फार सुंदर अल्बम. उत्तर सापडलं तर रोजच्या खर्चाच्या कागदात सापडेल. आज तांदूळ किती निघाला, उरला किती, परत कोठीत जमा झाला का. म्हणून पुन्हा सांगतो, कोठीची वही. मी एकच गोष्ट घोळतो आहे असं वाटेल, पण ती घोळल्याशिवाय कानाआड जाते असा माझा अनुभव आहे.

थोडं रागावूनही सांगायचं आहे. आपल्याकडे 'शिवाजी महाराज आणि व्यवस्थापन' या विषयावर सभागृहं भरतात. महाराजांबद्दल मलाही तुमच्याइतकाच आदर आहे, म्हणूनच सांगतो: गौरव करणं वेगळं, अभ्यास करणं वेगळं. कृष्णाजी अनंत सभासदानं महाराजांची बखर लिहिली ती जिंजीच्या किल्ल्यावर, राजारामांच्या काळात, म्हणजे तीही तमिळ देशातच. त्यात किल्ल्याची व्यवस्था सांगितली आहे. हवालदार, सबनीस, सरनोबत हे तिघं एका पायरीचे, एकट्यानं कुणी कारभार करायचा नाही. शिवाय धान्यसामानाला कारखानीस वेगळा. किल्ल्या एकाकडे, हजेरी दुसऱ्याकडे, कोठी तिसऱ्याकडे. भाषणात हे सांगितलं की टाळ्या पडतात. पण ती व्यवस्था कुठं कुरकुरली? तिघांचं पटलं नाही तेव्हा काय झालं? सबनिसाची हजेरी आणि कारखानिसाचा शिधा जुळला नाही तर कागद कुणाकडे जाई? हे विचारलं तर अभ्यास सुरू होतो. सबनीस, फडणीस, पोतनीस, कारखानीस, जमेनीस, कोठावळे, दफ्तरदार ही आडनावं दारावरच्या पाटीवर मिरवणाऱ्यांनी आपले पूर्वज सकाळी कचेरीत जाऊन नेमकं काय करत, हे तरी शोधावं.

बाहेरच्या जगात हा अभ्यास कागदांवरच उभा राहिला. हार्वर्डमध्ये १९२७ साली उद्योगधंद्यांच्या इतिहासाचं अध्यासन निघालं. पुढं आल्फ्रेड चँडलर यांनी रेल्वे आणि मोठ्या कंपन्यांचे अहवाल, पत्रं, अंतर्गत टिपणं वाचून कंपनीत मधल्या फळीचे व्यवस्थापक कसे निर्माण झाले हे दाखवलं. त्यांचं त्यावरचं गाजलेलं पुस्तक १९७७चं. आपल्याकडे अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत द्विजेंद्र त्रिपाठी यांनी हा विषय आयुष्यभर लावून धरला. टाटांचं अभिलेखागार १९९१ साली निघालं, आता ते पुण्यात आहे. म्हणजे विषय अनाथ नाही. पण तंजावरचे १८५५च्या मागचे कागद मोडीत आहेत, आणि तिथं येऊन आमची मुलं थांबतात.

तंजावरला तमिळ विद्यापीठ १९८१ साली निघालं. तिथल्या अभ्यासकांनी तंजावरच्या मोडी कागदांचे तमिळ अनुवाद टिपांसह छापले. ज्यांची मातृभाषा मराठी नाही त्यांनी आपल्या कारकुनांची लिपी शिकून घेतली, आणि आपण मात्र मोडी म्हणजे आजोबांची वेलबुट्टी समजून बसलो. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतं. काही आठवड्यांत अक्षरओळख होते. राजकारणाची पत्रं वाचायला वेळ लागतो, पण हिशेबाचा कागद त्या मानानं सोपा. आकडे, नावं, वस्तू, ठरलेले शब्द. रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, वाचायला लागलात की पहिल्या चार पानांत जे अडतं ते पाचव्या पानावर ओळखीचं होतं. व्यवस्थापन शिकणाऱ्या एकेका विद्यार्थ्यानं एकच बाड घ्यावं, एकाच कारखान्याचं म्हणजे खात्याचं, एकाच वर्षाचं. राजा कोण होता हे विसरून जावं. पागेत चंदी किती आली आणि घोडे किती होते एवढंच जुळवून बघावं. जुळलं नाही तर फारच चांगलं, कारण तिथून...

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपत आल्याची खूण झाली आहे. एकच राहिलं, ते घाईनं सांगतो. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर जुन्या कागदांचा रुमाल असेल, लाल कापडात बांधलेला. तो उघडाल तेव्हा गाठ कापू नका, सोडवा. कागदांना चिकटपट्टी लावू नका. आणि कागद तारखेप्रमाणे लावायच्या भरीस पडू नका. ज्या क्रमानं निघतील तो क्रम आधी वेगळ्या कागदावर टिपून ठेवा. कोणत्या कागदाशेजारी कोणता ठेवायचा हे त्या कारकुनानं कामाच्या सोयीनं ठरवलेलं असतं. बाड विस्कटलं की त्याचं अर्धं म्हणणं तिथंच पुसलं जातं. वरच्या बाजूला नाव दिसलं तर तेही उतरवून घ्या, वाचता आलं नाही तरी जसं दिसतं तसं काढून घ्या.