आधी भिंत वाळू द्या
(रेडिओवरील भाषण)



दसरा तोंडावर आलाय. बालाघाट-गोंदियाकडे झडी संपून ऊन पडायला लागलं, की घरोघरी एकच विषय निघतो : घर कधी पोतायचं? पोतायचं म्हणून पलंग, पेट्या, धानाची पोती भिंतीपासून ओढली, की चार महिने मागे काय चाललं होतं ते दिसतं. काळे-हिरवे ठिपके, ट्रंकेच्या तळाला पांढरा बुरा, कोपऱ्यात फुगलेले पोपडे आणि कुबट वास. दिवाळीला पाहुणे यायचेत, तेव्हा घाईघाईनं रंगाचा डबा आणला जातो. तो डबा उघडण्याआधी दहा मिनिटं माझं ऐका, एवढंच आजचं मागणं.

लामत्यासारखं गाव डोळ्यांसमोर ठेवून बोलतो. बालाघाट जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या कुशीतलं हे गाव. जवळून वैनगंगा, तिच्यावर इंग्रजी अमदानीतला धुटीचा बांध, सभोवार धानाच्या बांध्या. वर्षाला साधारण १४०० ते १५०० मिलिमीटर पाऊस, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. रत्नागिरीला पाऊस याच्या दुपटीहून जास्त पडतो. पण श्रावणातली झडी लागली, की लामत्याच्या आणि रत्नागिरीच्या माजघरात वाळत घातलेलं धोतर सारखंच आंबट वास मारतं.

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत बाराही महिने असतात. त्यांना घराबाहेर काढणं कुणालाच शक्य नाही. खायला त्यांना धूळ, लाकूड, कागद, सुती कापड, रंगातली खळ, काहीही चालतं. अडतं ते फक्त पाण्यावाचून. एखादी जागा सलग एक-दोन दिवस ओली राहिली, की बुरशी तिथं मूळ धरते. पावसाळ्यात भिंत ओली होणं टळत नाही, ती वाळायला वाट देणं मात्र आपल्या हातात असतं. जुन्या घरांत ही वाट होती. ती आपणच हळूहळू बुजवत आणलीय.

जुनं घर कसं होतं? हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर बांबू आणि कवेलू, पुढे सपरी. मिरगाआधी कवेलू फेरायचे, फुटके काढायचे, पन्हळीतला पालापाचोळा झाडायचा. ओट्याला माती चढवायची, म्हणजे पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी साचत नाही. पावसाची झोड ज्या अंगानं येते, तिकडे ताट्या बांधायच्या. कोकणात याच कामाला झावळ्यांची झापं लावतात. आणि पाऊस सरला की चुन्यानं किंवा छुईच्या पांढऱ्या मातीनं भिंती पोतायच्या. माती आणि चुना दोन्ही पाणी पितात आणि ऊन पडलं की सोडून देतात. कवेलूंच्या फटींतून चुलीचा धूर आणि वाफ बाहेर जायची, चुलीच्या उबेनं छपराचे बांबू कोरडे राहायचे. अशा घरात बुरशी यायची नाही असं नव्हे. पण आली तरी कार्तिकापर्यंत ती वाळून झडायची.

आता त्याच मातीच्या भिंतीला खालून तीन-चार फूट सिमेंटचं प्लास्टर असतं, वर ऑइलपेंट. हेतू चांगला असतो : भिंत धुता यावी, पाणी आत जाऊ नये. पण जुन्या भिंतीच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. नव्या बांधकामात मिस्त्री ज्याला डीपीसी म्हणतात, तो इथं कुणी घातलेलाच नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, सिमेंटमुळे त्याला बाहेर पडता येत नाही, मग ते आणखी वर चढतं आणि प्लास्टर जिथं संपतं तिथं फुटून निघतं. ओल्या भिंतीवर ऑइलपेंट म्हणजे ओल्या कपड्यांवर चढवलेला रेनकोट! तुमच्या भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक करून पाहा. प्लास्टर घट्ट धरलेलं असेल तर आवाज खणखणीत येतो. बद्द आला, तर आतली माती भिजून सुटलीय असं समजा.

दुसरी अडचण स्लॅबच्या घराची. पंतप्रधान आवास योजनेतून खेड्यात जे घर बांधलं जातं, त्याचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, स्वयंपाकाची जागा धरून. पावसात गळत नाही, साप-विंचवाची भीती कमी, हे फार मोठं सुख आहे. पण स्लॅबला कवेलूसारख्या फटी नसतात. चूल जाऊन गॅस आला, बायाबापड्यांचे डोळे आणि फुप्फुसं वाचली. मात्र गॅस जळतो तेव्हा वाफ तयार होते. रसायनशास्त्राचा साधा हिशेब केला, तर १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून २२ लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपानं घरात सुटतं. त्यात भाताची वाफ, आंघोळीचं गरम पाणी, माणसांचा श्वास आणि दोरीवरचे ओले कपडे मिळवा. ही वाफ थंड भिंतीला, बहुधा पलंगामागच्या कोपऱ्याला, दव बनून चिकटते. तिथंच बुरशी येते.

तेव्हा उपाय करण्याआधी पाणी कुठून येतंय ते ओळखा. डाग छतापासून खाली उतरत असेल, तर वरून गळतंय. जमिनीपासून वर तीन फुटांपर्यंत आडवा पट्टा असेल आणि त्यावर पांढरा लोणा फुलला असेल, तर ओल पायातून चढतेय. नक्की कळत नसेल, तर वीतभर ॲल्युमिनियमची पातळ पन्नी किंवा प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला दिसले तर ते घरातल्या वाफेचं आहे.

वरून गळत असेल तर आधी कवेलू किंवा स्लॅब दुरुस्त करा. पायातून चढत असेल तर भिंतीलगतची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती करा, मोरीचं पाणी दूर न्या आणि बद्द वाजणारं सिमेंट काढून टाका. तिथं माती किंवा चुन्याचा गिलावा चालतो. लोणा पाण्यानं धुऊ नका. तो पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीत मुरतो. कोरड्या ब्रशनं झाडा आणि सुपलीत भरून बाहेर फेका. वाफ असेल तर स्वयंपाक होईस्तोवर चुलीवरची खिडकी उघडी ठेवा. कपाट, पलंग भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. झडीत बाहेरची हवाही ओलीच असते, म्हणून दारं-खिडक्या उघडायच्या त्या उघडीप पडल्यावर, भर दुपारी.

बुरशी काढताना कोरडा झाडू फिरवू नका, बीजाणू घरभर उडतात. नाकाला रुमाल बांधा, साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून पुसा, मग पंखा लावून ती जागा वाळवा. ब्लीचिंग पावडर वापरायची तर संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये मुळीच मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. ट्रंकेत कडुनिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या आपण पिढ्यान्‌पिढ्या ठेवतो. त्यांनी कसर दूर राहते, ओल जात नाही. शालूला ओल लागली असेल तर त्याला उघडीपच दाखवावी लागते.

धानाचंही सांगायला हवं. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा सुवास टिकवायचा तर पोती भिंतीला टेकवून किंवा नुसत्या जमिनीवर ठेवून चालत नाही. खाली लाकडी पाट्या, मागे मोकळी जागा. साठवणीच्या धानात ओल १४ टक्क्यांच्या आत हवी. बुरसटलेला मका किंवा भुईमूग धुऊन-भाजून खायची काटकसर करू नका. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात आणि ते भाजल्यानं पुरतं जात नाही.

२०२१ मध्ये कोरोनापाठोपाठ काळ्या बुरशीची साथ आली, तेव्हा भिंतीवरचा काळा डाग पाहून लोक धास्तावले होते. तो आजार, म्हणजे म्यूकरमायकोसिस, निराळ्या बुरशीचा. अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा मारा झालेल्या शरीरात ती फोफावली. भिंतीवरच्या डागाशी त्याचा संबंध जोडू नका. पण म्हणून डाग निरुपद्रवी ठरत नाही. दमा असलेल्यांचा, तान्ह्या मुलांचा त्रास त्यानं वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती याचसाठी.

इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा दगावला. घरातली बुरशी सतत श्वासावाटे आत गेल्यानं त्याला श्वसनाचा आजार झाला, असा निष्कर्ष २०२२ मधल्या चौकशीत निघाला. त्याच्या वडिलांनी बुरशीची तक्रार २०१७ मध्येच केली होती. तेव्हा त्यांना सांगण्यात आलं होतं, त्यावर रंग मारून टाका. पुढे २०२३ साली तिथं भाड्याच्या सामाजिक घरांसाठी कायदा झाला : तक्रार आली की घरमालक संस्थेनं ठरावीक मुदतीत ओलीचं मूळ शोधायचं आणि दुरुस्ती करायची.

आपल्याकडे घर आपलं आणि मिस्त्रीही ओळखीचा. म्हणून या दसऱ्याला एवढं करा. सामान ओढून पाहा, भिंत टकटकून पाहा, पन्नी लावून पाहा. माती-चुन्याची भिंत असेल तर कळीचा चुना विरवून, फडक्यातून गाळून त्याचे पातळ दोन-तीन हात द्या. किंचित ओलसर भिंतीलाही तो चालतो, आणि ताज्या चुन्याचा क्षार बुरशीला सोसत नाही. त्यात कांजी किंवा खळ घालू नका, ती बुरशीचंच खाद्य होते. चुना कालवताना डोळे मात्र सांभाळा. डिस्टेंपर किंवा ऑइलपेंटच द्यायचा असेल, तर भिंतीला हिवाळाभर वाळू द्या. दिवाळीच्या पाहुण्यांना डागाळलेली भिंत दिसली तर दिसू द्या. चकल्या कुणी भिंतीकडे बघून खात नाही. रंगाचा डबा फाल्गुनात उघडला तरी चालेल.