बोगारवेस मेंदूत कुठे असते?



पत्रिकेत विषय जरा जड छापलाय, म्हणून आधी एक सोपं काम देतो. डोळे मिटा आणि मनातल्या मनात आपल्या बेळगावच्या बोगारवेसला उभे राहा. पाटीवर धर्मवीर संभाजी चौक असलं तरी रिक्षावाल्याला आपण बोगारवेसच सांगतो. तिथून पहिल्या रेल्वे गेटाकडे निघा. नेहमीचा रस्ता खोदून ठेवलाय असं समजा (आपल्या गावात हे समजायला फार कष्ट पडत नाहीत) आणि दुसरी वाट काढा. निघाली ना? म्हणजे डोक्यात नुसती वळणांची यादी नाही, नकाशा आहे. एडवर्ड टोलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं उंदरांवरच्या प्रयोगांवरून 1948 साली हेच म्हटलं होतं. पण नकाशा म्हटला की तो कुठेतरी ठेवलेला हवा.

कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आतल्या अंगाला, दोन्ही बाजूंना हिप्पोकॅम्पस नावाचा वळलेला भाग आहे. लंडनमध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन डॉस्ट्रोव्हस्की यांनी उंदराच्या याच भागात केसासारख्या बारीक तारा बसवल्या. असा प्रयोग नुसता कानांनीही समजतो, कारण पेशीचे विद्युतसंकेत स्पीकरवर ऐकता येतात. उंदीर हिंडतोय, स्पीकर गप्प. तो एका ठरावीक जागी पोचला की कडकड आवाज. पुढे सरकला की पुन्हा गप्प. फिरून तिथेच आला की पुन्हा कडकड. शेजारची पेशी बोलते ती दुसऱ्याच जागेला. 1971 साली जाहीर झालेल्या या पेशींना आपण स्थानपेशी म्हणू.

पुढचा धागा नॉर्वेत सापडला. हिप्पोकॅम्पसला लागूनच मेंदूच्या बाह्यकाचा, म्हणजे कॉर्टेक्सचा, एन्टोऱ्हायनल नावाचा पट्टा आहे. तिथली एकेक पेशी एका नव्हे, अनेक जागी बोलते, आणि त्या जागा जोडल्या की जमिनीवर समभुज त्रिकोणांची जाळी उमटते. जमिनीवर तसं काही आखलेलं नसतं. ती आखणी मेंदूची. मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटानं 2005 साली हे दाखवलं. ओकीफ आणि या दोघांना 2014 चं नोबेल जाहीर झालं ते ऑक्टोबरात. पुढच्याच महिन्यात, 1 नोव्हेंबरला, सरकारदप्तरी बेळगावचं नाव बदललं. आपल्याकडे चर्चा कशाची झाली, ते सांगायला नको.

मोझर यांच्याच प्रयोगशाळेत 2008 साली त्या पट्ट्यात सीमापेशीही सापडल्या. हसू नका, खरंच आहे! भिंत किंवा कडा जवळ आली की त्या बोलतात. आता निपाणीला लागून असलेलं अर्जुननगर घ्या. देवचंद कॉलेज तिथे, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. गाव निपाणी कर्नाटकात. पोरं वह्या घेऊन राज्य ओलांडतात. वाटेत भिंत नाही, कडा नाही, मग सीमापेशीनं कशावर बोलावं? हा माझा तर्क आहे, उंदराला निपाणीत सोडून कुणी पाहिलेलं नाही.

एन्टोऱ्हायनल पट्टा म्हणजे आपला कोगनोळी नाका समजा. डोळ्यांनी पाहिलेलं, पायांना जाणवलेलं, मान किती वळली ते, असं बरंचसं कॉर्टेक्समधून या नाक्यावर येतं आणि हिप्पोकॅम्पसमध्ये शिरतं. तिथल्या टप्प्यांतून फिरून ते याच नाक्यावरून कॉर्टेक्सकडे परत जातं. वाहतूक दुहेरी आहे, आणि माझ्या मते जागेच्या आठवणीचं मर्म या येण्याजाण्यात आहे. उंदीर झोपल्यावर दिवसा एकत्र बोललेल्या स्थानपेशी पुन्हा एकत्र बोलतात, हे विल्सन आणि मॅकनॉटन यांनी 1994 साली नोंदवलं. अशा उजळणीतून आठवण हळूहळू कॉर्टेक्सच्या हवाली होत असावी, असं बरेच संशोधक मानतात.

त्याला माणसातला पुरावा फार बोलका आहे. अमेरिकेतल्या एका गृहस्थाची, संशोधनात ते ई. पी. या अद्याक्षरांनी ओळखले जातात, दोन्ही बाजूंची हिप्पोकॅम्पस विषाणूच्या मेंदूज्वरानं 1992 साली निकामी झाली. वय सत्तर. लहानपण ज्या गावात गेलं ते सोडून पन्नासहून जास्त वर्षं झालेली. तरी तिथल्या या टोकाहून त्या टोकाला कसं जायचं, मुख्य रस्ता बंद असेल तर कुठून वळायचं, हे ते बसल्या जागी सांगत. त्याच भागात वाढून बाहेर पडलेल्या धडधाकट माणसांइतकंच चोख. आजारानंतर ज्या वस्तीत राहायला गेले, तिथला मात्र एकही रस्ता त्यांना सांगता येईना. टेंग आणि स्क्वायर यांनी 1999 साली हे प्रसिद्ध केलं. नवा नकाशा काढायला हिप्पोकॅम्पस लागतोच. जुना, मुरलेला नकाशा त्याच्यावाचूनही वाचता येतो.

आता आपल्या घरात या. अल्झायमरमध्ये पेशींचा ऱ्हास बहुधा सुरू होतो तो याच एन्टोऱ्हायनल पट्ट्यात. ब्राक दांपत्यानं 1991 साली ते टप्पे मांडले. निपाणीचे अण्णा मुलाकडे पुण्याला राहायला जातात आणि सोसायटीच्या फाटकापासून आपली इमारत त्यांना सापडत नाही. सून म्हणते, ‘निपाणीची गल्ली न् गल्ली सांगतात की, मग हेच कसं विसरतात? मुद्दाम करतात.’ मुद्दाम नाही हो. दोन्ही गोष्टी एकाच मेंदूत एकाच वेळी खऱ्या असू शकतात. नव्या जागेत चार दिवस सगळेच चुकतात. पण महिने उलटले तरी तीच चुकामूक होत असेल तर डॉक्टरांकडे न्या. तिथे ‘विसरतात’ एवढंच सांगून थांबू नका. नवी वाट चुकते की जुनीही, कधीपासून, आणि चुकल्यावर स्वतःहून परत येता येतं का, हे लिहून न्या.