ओठ जपावेत, लपवू नयेत

श्रोतेहो, कविता लिहिणारी बाई ओठांवर बोलणार म्हटल्यावर गुलाबाच्या पाकळ्या येणार, असे आपल्याला वाटले असेल. आज पाकळ्या नाहीत. ओठ भरीव दिसावेत म्हणून जी इंजेक्शने घेतात, ज्यांना ‘लिप फिलर’ म्हणतात, ती घेतल्यावर ओठांची निगा कशी राखावी, हा आजचा विषय आहे. लग्नसराई जवळ आली की आपल्या नाशिकमध्येही मुली ही इंजेक्शने घेतात. घरात मात्र कुणी सांगत नाही, कारण थट्टा होते.

रूप दुरुस्त करून घेणे आपल्याकडे नवे नाही. 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याजवळच्या एका शस्त्रक्रियेचा वृत्तांत छापून आला. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला होता आणि त्याचे नाक कापले गेले होते. विटा भाजणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. या वृत्तांतात नंतरची निगाही नीट सांगितली आहे. सांध्यावर काथाच्या लेपाच्या पट्ट्या लावायच्या, चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवायचे, पाच-सहा दिवस उताणे निजायचे आणि दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. कावसजीचे दुःख वेगळे आणि आजची हौस वेगळी, हे खरे. पण कारागिराचे काम संपले की रोग्याचे सुरू होते, हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे.

ओठांत भरतात तो बहुधा हायलुरॉनिक आम्लाचा जेल असतो. हा पदार्थ आपल्या कातडीत, सांध्यांत आणि डोळ्यांतही असतो. 1934 साली कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी तो गायीच्या डोळ्यातून प्रथम वेगळा केला. तो पाणी धरून ठेवतो, म्हणून ओठ भरल्यासारखे दिसतात. साधारण सहा महिने ते वर्षभरात तो विरघळून जातो.

पहिले दोन दिवस सूज सर्वांत जास्त असते. आरशात पाहून घाबरू नये. खरा आकार दोन आठवड्यांनी कळतो. तोवर ओठ चोळू नयेत, दाबू नयेत. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मालिश तर मुळीच नको. पहिला दिवसभर लिपस्टिक लावू नये, कारण सुईची छिद्रे अजून मिटलेली नसतात. सूज जास्त वाटली तर बर्फ स्वच्छ रुमालात गुंडाळून थोडा वेळ टेकवावा, थेट लावू नये. रात्री दोन उशा घेऊन उताणे झोपावे. दोन दिवस व्यायाम, वाफ, मद्य आणि फार गरम चहा टाळावा. तिखटाने ओठ झोंबतात, तेव्हा मऊ भात-वरण बरे. दातांचे काम असेल तर ते आधीच उरकावे किंवा दोन आठवडे पुढे ढकलावे. ज्यांच्या ओठांवर तापाचे फोड येतात, त्यांनी इंजेक्शनापूर्वीच डॉक्टरांना सांगावे. सुईमुळे ते पुन्हा उठू शकतात आणि त्यासाठी आधी गोळ्या देता येतात. हृदयासाठी रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नये.

आपल्याकडची थंडी कोरडी असते. निफाडला पारा उतरला की द्राक्षबागायतदार शेकोट्या पेटवतात आणि आपले ओठ फुटतात. फुटलेले ओठ आपण जिभेने ओले करतो आणि त्याने ते अधिकच सुकतात. साधे व्हॅसलीन पुरे. ओठांची साले ओढून काढू नयेत.

आता खरी काळजीची गोष्ट. क्वचित हा जेल रक्तवाहिनीत जातो किंवा तिच्यावर दाब आणतो. मग दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाते. ओठ किंवा आसपासची कातडी पांढुरकी पडते, नाहीतर तिच्यावर जाळीसारखे निळसर डाग दिसतात. अशा वेळी बर्फ लावत बसू नये, सकाळची वाट पाहू नये. त्याच घटकेला डॉक्टरांना गाठावे. जेल हायलुरॉनिक आम्लाचा असेल तर तो विरघळवणारे इंजेक्शन मिळते, पण उशीर झाला तर कातडी मरते. नजर अंधुक झाली तर तडक मोठे रुग्णालय गाठावे.

माझ्या भाचीला निकाहाच्या महिनाभर आधी हेच झाले. ती ओढणीने तोंड झाकून माझ्या घरी आली आणि म्हणाली, ‘‘खाला, अम्मी को मत बोलो.’’ दुपारपासून दुखत होते, पण बोलणी खावी लागतील म्हणून ती गप्प होती. मी ओढणी बाजूला केली, तर वरच्या ओठावर निळसर जाळी दिसली. आम्ही रिक्षाने डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी लगेच औषध टोचले आणि ओठ वाचला. आणखी एक रात्र ती तशीच राहिली असती तर काय झाले असते, हे त्यांनी नंतर सांगितले.

म्हणून मुलींनो, इंजेक्शन घ्यायचेच असेल तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लॅस्टिक सर्जनकडेच घ्या. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो, तो पाहा. कोणते औषध भरले त्याचे नाव आणि बॅच क्रमांक लिहून घ्या, रात्री फोन कोणाला करायचा तेही विचारा. ऑनलाइन मिळणारी बिनसुईची पेने घरी वापरू नका. 2021 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यांविरुद्ध इशारा दिला आहे. आणि घरात निदान एकीला तरी सांगून ठेवा.

घरच्या वडीलधाऱ्यांनाही माझी एक विनंती आहे. ‘अम्मी’ काय, ‘अब्बा’ काय, ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत. याच ओठांनी लेकरांनी आपल्याला पहिली हाक मारलेली असते. ते कसे दिसावेत यावर आपले मत काहीही असो, ते नंतर सांगता येईल. मुलगी तोंड झाकून कोपऱ्यात बसली असेल, तर आधी तिला विचारा, ‘‘दुखतंय का गं?’’