भिंतीतला लोखंडी पाइप आणि तुमचं अर्थिंग

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथे कुठे तुमचं घर जुनं असेल तिथे भिंतीत काळा लोखंडी पाइप असू शकतो. वायरी त्यातून जातात. पुष्कळ ठिकाणी अर्थिंगची वेगळी तार नसतेच, पाइप हीच तार. हा पाइप भरवशाचा आहे का, एवढंच आज बघू.

पाइपावर उगाच शंका घेऊ नका. 20 मिलिमीटरचा, 1.6 मिलिमीटर जाडीचा पाइप घ्या. कापून बघितला तर लोखंड भरतं सुमारे 92 चौरस मिलिमीटर. पोलादाचा रोध तांब्याच्या साधारण आठपट धरला, तरी तो 11 चौरस मिलिमीटर तांब्याच्या बरोबरीचा झाला. घरात एवढी जाड अर्थची तार कोण ओढतो? ब्रिटनच्या नियमांना असा पाइप आजही मान्य आहे.

घात होतो तो जोडावर. आट्यांत रंग गेलेला, ओलीने गंज चढलेला, लॉकनट ढिली. समजा एका जोडाचा रोध 10 ओहम झाला आणि पुढे कुठेतरी फेज पाइपाला टेकली. 230 भागिले 10, म्हणजे 23 अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी एवढ्यावर तासभरही पडणार नाही, असं होऊ शकतं. तोवर त्या जोडात पाच किलोवॉट उष्णता, म्हणजे दोन गिझरांपेक्षा जास्त! आणि जोडापलीकडचा सगळा पाइप जवळजवळ 230 व्होल्टवर.

याहून वाईट प्रकार मी नोकरीत एका जुन्या क्वार्टरमध्ये पाहिला. दुरुस्तीत कुणीतरी मधला गंजका तुकडा कापून तिथे पीव्हीसीचा बसवला होता. दिसायला काम सुरेख. पण अर्थ तिथेच तुटला. घरातल्या बाईंना फ्रिजला हात लावला की मुंग्या यायच्या. फ्रिज दोनदा दुरुस्तीला जाऊन आला. बिघाड होता गिझरमध्ये. तिसऱ्या पिनेतून करंट पाइपात, पाइपातून फ्रिजच्या अंगावर. अर्थ नुसता नसता, तर एकच यंत्र धोक्याचं झालं असतं. इथे पाइपाने सगळी एकमेकांना बांधून ठेवली होती.

वायरमन मल्टिमीटर लावून "ओके साहेब" म्हणेल. त्यातून जेमतेम मिलिअँपिअरभर करंट जातो. एका आट्याच्या टोकावर टेकलेला जोडही त्याला चांगलाच वाटतो. जास्त करंट सोडून मोजणारं यंत्र मागा. आरसीसीबीचं टेस्ट बटण फक्त आरसीसीबी तपासतं, अर्थ नाही.

पाइप फोडायची गरज नाही. त्यातूनच हिरवी तांब्याची तार ओढून घ्या, फेजच्याच जाडीची, आणि प्रत्येक सॉकेटपर्यंत न्या. ती प्रत्येक लोखंडी बॉक्सला स्क्रूने जोडायला सांगा. मध्ये पीव्हीसी घातला असेल तर दोन्ही बाजूंचे पाइप या तारेला बांधले गेलेच पाहिजेत. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर त्याच फेरीत बसवून टाका.