पाकिटातला तांदूळ

गोंदिया हे भातगिरण्यांचे गाव. या जिल्ह्यात धान पिकवणारी बाई तांदूळ तळहातावर घेते, एक दाणा दाताखाली फोडते आणि तो नवा की जुना, कणी किती, हे सांगते. तिला ग्राहकशिक्षण देण्याचा आगाऊपणा आपण करू नये. परंतु तीच बाई बंद पाकिटासमोर उभी राहिली की तिचे ज्ञान निकामी होते. पाकिटावर वजन, किंमत, तारीख असते. कायद्यानेच ती लागते. धान कोणत्या हंगामाचे, हे मात्र सहसा छापलेले नसते. ॲगमार्कची प्रतवारी ऐच्छिकच. मग महाग ते चांगले, असा अंदाज बांधण्यावाचून ती काय करणार?

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला, २०१९ साली नवा झाला. पण दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल, तर नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तपासणीचे शुल्क तक्रारदाराकडून भरून घेता येते. पाच किलो तांदळासाठी ही यातायात कोणती मजूर बाई करील?

आपल्या शाखांनी दोन मागण्या धराव्यात : पाकिटावर धानाचा हंगाम छापावा, आणि प्रत्येक दुकानात त्या मालाचे एक पाकीट उघडे ठेवावे.