एकवीस कीं वीस एक?

श्रोत्यांपैकीं अनेकांना २०१९ सालच्या जून महिन्यांतील वाद आठवत असेल. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणितांत 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक', 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असें वाचन छापलें गेलें, आणि मराठी बुडाली अशी एकच ओरड झाली. विधिमंडळांतहि थट्टा रंगली. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचें म्हणणें मात्र साधें होतें. ६३ लिहितांना सहा आधीं येतो, बोलतांना तीन. त्यांत जोडाक्षरांचा काच. कानडी-तेलुगूंत दशकाचें नांव आधींच येतें.

हा वाद बहुतेक पुण्यामुंबईच्या मुलांकडे पाहून झाला. नंदुरबार जिल्ह्यांत, नवापूर तालुक्यांत, सुरत-भुसावळ लोहमार्गावर चिंचपाडा हें गांव आहे. त्या भागांत अनेक घरीं मावची ही भिली समूहांतील बोली बोलतात. शहरांतल्या मुलाच्या कानीं 'त्रेसष्ट' आजीच्या तोंडून शाळेपूर्वींच पडलेला असतो. मावची बोलणाऱ्या मुलाला तो शाळेंतच भेटतो. मग पहिलें मूल हुशार ठरतें व दुसरें मंद. पियेर बुर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानें ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हटलें, तें हेंच. घरची मिळकत गुणपत्रिकेंत बुद्धि म्हणून जमा होते!

प्लेटोच्या 'मेनो' या संवादांत सॉक्रेटिस एका अशिक्षित गुलाम मुलाकडून दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढवितो आणि ज्ञान आत्म्यांत मूळचेंच असतें, असें दाखवूं पाहतो. परंतु आरंभींच तो धन्याला विचारून घेतो कीं, या मुलाला ग्रीक येतें ना? तत्त्वज्ञानाचे अभ्यासक हा प्रश्न सहसा ओलांडून जातात. शिक्षकाला तो ओलांडतां येत नाहीं.

दुकानदार 'त्रेसष्ट' म्हणतो, तेथें 'साठ तीन' म्हणणारें मूल हंशास पात्र होईल, ही भीति खोटी नव्हे. पण व्यवहारहि बदलतो. पेढीवरच्या हिशेबासाठीं पावकी, निमकी, दिडकी, औटकी घोकून घेत. १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं आणि हे पाढे हळूहळू मागें पडले. गणित कांहीं बुडालें नाहीं.

दहा-दहा काड्यांच्या सहा जुड्या व सुट्या तीन काड्या पुढ्यांत मांडल्या, तर तें मूल त्या प्रथम आपल्या बोलींत मोजील, मग 'साठ तीन' म्हणेल, आणि 'त्रेसष्ट' हें नांव त्याच जुड्यांना शेवटीं जोडतां येईल. मात्र तें मावचींत मोजूं लागलें म्हणजे तें बरोबर मोजतें कीं नाहीं, हें शिक्षकाला कळावें लागतें. पुस्तकांतलें वाचन बदलून तेवढें काम होत नाहीं.