गोलंदाजाचे कान

(नेरडीगोंडा येथील मराठी लेखक-वाचक मेळाव्यातलं अध्यक्षीय भाषण)

मंडळी, मघाशी माझं नाव दोनदा पुकारलं गेलं आणि मी बसूनच राहिलो, तो मोठेपणा नव्हता. डावा कान मी तोफखान्यात ठेवून आलो आहे. आज सकाळी संयोजकांनी कुंतालाचा धबधबा दाखवायला नेलं. सोबतची माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होती, मला कडेम नदीचं पाणी जवळजवळ मुक्यानंच पडताना दिसलं. आवाजाविषयी बोलायला तुम्ही नेमका नालायक माणूस निवडला आहे.

फौजी माणूस साहित्याच्या मंचावर आला की लोक शौर्यकथेची वाट पाहतात. माझ्याकडे ती नाही. गनरला शत्रू दिसतच नाही. पुढे ओपीवर, म्हणजे निरीक्षण चौकीवर, बसलेला अधिकारी वायरलेसवर सांगतो, मागे टेक्निकल असिस्टंट आकडे काढतो आणि तोफ डोंगराच्या पाठीमागून मारा करते. 1999 च्या द्रासमध्ये माझ्या वाट्याला आलेलं युद्ध म्हणजे आकडे, चार्ज आणि सुमारे 43 किलोचा एकेक गोळा. 4 जुलैला टायगर हिल घेतल्याचं कळलं, तेव्हा आम्ही रिकाम्या पेट्या रचत होतो.

मग युनिट ‘पीस’ला, म्हणजे शांततेच्या ठाण्यावर, आलं. तिथे सकाळी पीटी, नंतर मेंटेनन्स, नंतर रस्त्याकडेच्या दगडांना गेरू-चुना. ज्या बॅरलनं रात्र रात्र आग ओकली, तिला तेल लावून पुसायचं आणि कव्हर घालायचं. इन्स्पेक्शनला साहेबानं विचारलं, तर कव्हरच्या शिवणीबद्दल विचारलं. हसू नका, शिवण खरंच उसवली होती.

या रिकामपणाला इंग्रजांच्या फौजेनं आपल्याच मातीतलं नाव दिलं होतं. आज तोफखान्याची शाळा आहे त्या देवळालीला तेव्हा मुदत संपलेल्या गोऱ्या शिपायांची छावणी होती. मायदेशी नेणारी जहाजं साधारण हिवाळ्यातच सुटत, ती चुकली की पुढच्या हंगामापर्यंत बसून राहायचं. काम नाही, ऊन भरपूर, दारू त्याहून भरपूर. त्यातून डोकं फिरलं की म्हणायचे, ‘डूलाली टॅप’. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. लढाईनं नव्हे, वाट पाहण्यानं आलेला.

तोफेकडून रिकामपणाकडे झालेला हा बदल आपल्या भाषेनंही टिपला आहे, साहित्यानं फारसा नाही. गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा. त्याच्या हातात आपण चेंडू दिला आणि तोफ विसरलो. अहिल्यानगरात तोफखाना आता पोलीस ठाण्याचं नाव आहे. छत्रपती संभाजीनगरात जिन्सीचंही तेच, आणि जिन्सी हाही मूळचा तोफखान्यातलाच शब्द. हे निदान पत्त्यांवर तरी राहिले. फौजेमागून धान्य, दुकानं, जनावरं घेऊन चालणाऱ्यांना मात्र आपण बाजारबुणगे म्हटलं, आणि तो शब्द शिवी करून ठेवला. पानिपताचं खापर फोडायलाही तेच सोयीचे पडले. पुरवठा करणाऱ्याच्या नशिबी आपल्याकडे कादंबरीतलं अर्धं पानही येत नाही.

आणि त्याची लढाई तहानंतरही चालूच असते. दारूगोळा कोठारातही म्हातारा होतो. पुलगावच्या डेपोत 31 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर आग लागली, तेव्हा सीमेवर कुठलंही युद्ध नव्हतं. मेलेल्यांत अधिकारी होते, पण जास्त होते ते डेपोचे पहारेकरी आणि आग विझवायला धावलेले. वर्धा जिल्हा इथून किती लांब? यवतमाळ ओलांडलं की आलाच.

माझा एक दोस्त सिग्नल्समध्ये, इलेक्ट्रॉनिक युद्धाच्या तुकडीत होता. हैदराबादच्या डीएलआरएल प्रयोगशाळेत फौजेसाठी ‘संयुक्ता’सारखी यंत्रणा घडली, त्या जातीचं काम. लोकांना वाटतं, समोरच्याचा वायरलेस जॅम केला की झालं. पण कोण कुठल्या फ्रीक्वेन्सीवर बोलतो, रडार कुठलं, केव्हा चालू होतं, हे शांततेतच टिपून ठेवावं लागतं. नाहीतर ऐन वेळी जॅमर आंधळा. म्हणजे त्याच्यासाठी युद्ध कधी संपतच नाही, आणि काय ऐकलं ते बायकोलाही सांगायचं नाही. निवृत्तीनंतर आता तो रेडिओचं बटण फिरवतो आणि दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीवर थांबतो. घरचे म्हणतात, पुढे घ्या. मला ऐकू येत नाही, त्याला बोलता येत नाही. आमची भेट छान होते, चहा पितो.

इथून महबूब घाट उतरला की निर्मळ. निजामाच्या फौजेसाठी तिथे तोफा ओतल्या जात, आणि त्याच गावात नक्काश लोक हलक्या लाकडाची खेळणी करत. तोफा गेल्या, खेळणी राहिली, हे सांगायला गोड आहे. पण तोफा ओतणाऱ्यांनी पुढे काय केलं? 1857 मोडल्यावर विखुरलेले शिपाई आणि रोहिले याच जंगलांत आले, इथे बंड करून उठलेल्या रामजी गोंडाला मिळाले. 1860 मध्ये निर्मळच्या वडावर त्यांना फाशी झाली, ती लोकांना आठवते. त्याआधीचे महिने, लढाई हरलेला आणि घरी जाता न येणारा माणूस इथे काय खात होता, कुणाशी कुठल्या भाषेत बोलत होता, हे कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. तेलुगू, गोंडी, मराठी, उर्दू, चारही कानावर पडणाऱ्या तुम्हा लोकांना ते जमेल असं मला वाटतं. पुण्याला बसून नाही जमायचं.

आता चहा आहे. ज्यांच्या घरात असा कुणी गप्प माणूस आहे, त्यांनी माझ्या शेजारी येऊन बसा. उजव्या बाजूला, तो कान अजून थोडाफार चालतो.